शालिकभाऊंचा अंगठा

आमच्या शेडमध्ये सकाळी अकराला आणि दुपारी चारला चहा होतो. दोन्ही वेळा दहा मिनिटांची सुट्टी. तीन मिनिटांत चहा पिऊन होतो, आणि उरलेल्या सात मिनिटांत कोणीतरी कोणाची तरी फजिती सांगतं. बारा वर्षं हे चाललंय, तेव्हा किती किस्से साचले असतील तुम्हीच बघा! लिहून कोणी ठेवले नाहीत, पण एखाद्याने एक शब्द इकडचा तिकडे केला की लगेच दोघंतिघं त्याला टोकतात.

अलीकडे मात्र एक झालंय. किस्सा कोणाचाही निघो, तो फिरून शालिकभाऊंवर येतो, आणि मग चहा कपातच राहतो. म्हणून म्हटलं, एकदा सगळे सांगून टाकावेत.

आधी काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. भंडाऱ्याबाहेर एमआयडीसीत आमची शेड आहे. राइस मिलचे शाफ्ट, पंपाचे दांडे, कापायच्या पात्या असे स्टेनलेस स्टीलचे पार्ट आमच्याकडे येतात, आणि आम्ही त्यांची वरची कातडी लेझरने कडक करून देतो. लेझर स्टीलवरून फिरतो, तेवढा पट्टा लाल होतो, आणि लेझर पुढे सरकला की आतलं थंड स्टीलच ती आच ओढून घेतं. पाणी नाही, तेल नाही. वरून कडक, आतून जसंच्या तसं. ते मशीन मी चालवते. दोन पट्टे शेजारी मारायचे असले तर दुसऱ्याची आच पहिल्याच्या काठाला लागते, आणि कडक झालेला काठ परत नरम पडतो. म्हणून पट्ट्यांमधलं अंतर नीट ठरवावं लागतं. तेही काम माझंच.

पण स्टेनलेस चकचकीत. उजेड त्याच्यावर पडला की परत फिरतो. म्हणून आधी ग्रॅफाइट स्पिरिटमध्ये कालवून त्याचा पातळ थर द्यावा लागतो. आम्ही त्याला नुसतं ‘काळं’ म्हणतो. काळं एकसारखं बसलं तर स्टील एकसारखं कडक होतं. कुठे पुसलं गेलं तर तेवढी जागा नरम राहते. काळं लावायचं काम शालिकभाऊंचं होतं.

शालिकभाऊ तुमसरकडच्या आंबागडचे. तरुणपणी जंगलात बांबू तोडायच्या कामाला जायचे, पन्नाशीच्या आसपास आमच्याकडे आले. लहानपणी विळ्याने डाव्या अंगठ्याची एक कड उतरली होती, त्यामुळे तो अंगठा एका बाजूने सपाट होता. नवीन माणसाशी ओळख झाली की ते आधी अंगठा दाखवत आणि मग नाव सांगत.

*

आमचे मालक नागपूरचे, शिकलेले इंजिनिअर. त्यांना आम्ही साहेब म्हणतो. मशीन नवं होतं तेव्हा त्यांनी काळं मारायला एक भारी स्प्रे गन आणली. शालिकभाऊंनी ती हातात घेतली, उलटीसुलटी केली, आणि परत ठेवली. मग खिशातून चार बोटं रुंदीचा ब्रश काढला.

साहेब म्हणाले, “ब्रशने थर एकसारखा येत नाही, शालिकभाऊ.”

“माह्या मायनं मले शेणानं भिंत साराले शिकवलं हाय,” शालिकभाऊ म्हणाले. “पाहा तं खरं.”

दोघांनी एकेक पाती केली. नीळकंठ आमचा टेस्टिंगवाला. पार्टवर हिऱ्याची टोचणी दाबून तो किती कडक झालाय ते मशीनवर बघतो, आणि मशीनमध्ये आलं नाही ते त्याच्या लेखी झालंच नाही असा माणूस आहे. त्याने दोन्ही पात्या तपासल्या. स्प्रेची पाती तीन जागी कमी भरली. ब्रशची पाती सगळीकडे एक आकडा.

साहेबांनी दोन्ही पात्या पुन्हा तपासून घेतल्या. शालिकभाऊंनी ब्रश स्पिरिटमध्ये धुतला, पुसला आणि स्वतःच ठोकलेल्या खिळ्याला टांगला.

“साहेब, तुमचं मशीन उजेड फेकते,” ते म्हणाले. “उजेड धराचं काम माह्याकडं राहू द्या.”

गन कपाटात गेली. पुढे आठ वर्षं ती कोणी काढली नाही.

*

स्वयंपाकघरातलं चांगलं स्टेनलेस आणि आमच्या कामाचं स्टेनलेस वेगळं. आमच्या स्टीलला चुंबक चिकटतं आणि ते कडक होतं. ताटवाट्यांच्या चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, त्याच्यावर जन्मभर लेझर मारला तरी ते कडक होत नाही. हे कळल्यापासून शालिकभाऊंच्या करदोड्याला एक चुंबक बांधलेलं असायचं.

मुलीचं लग्न जमत होतं तेव्हा ते तिचं सासर बघायला गेले. समोर पोह्यांची बशी आली. यांनी सवयीने चुंबक काढलं आणि बशीला लावलं! मुलाच्या आईचा चेहरा उतरला. मुलाचे काका म्हणाले, “काहो, भांडे तपासाले आले काय?”

शालिकभाऊंना आपण काय केलं ते तेव्हा कळलं. पण माणूस हुशार. “नाही चिकटलं,” ते म्हणाले. “मंजे कितीबी तापवा, कडक होनार नाही. पोरीसाठी असंच घर पाहून राहिलो होतो.”

लग्न जमलं. मुलगी सुखात आहे. तो किस्सा शालिकभाऊ स्वतः सांगत आणि शेवटी डोळे पुसत. आम्ही हसण्यावारी न्यायचो.

*

एकदा बालाघाटकडचं एक गिऱ्हाईक आलं. जाडजूड माणूस, हातात स्वतःच्या पंपाचा दांडा. मी मशीनपाशी बसले होते. तो माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करत म्हणाला, “मशीन चालवणारा माणूस कुठे आहे?”

मी काही बोलायच्या आत शालिकभाऊ ब्रश हातात घेऊन पुढे आले. “मानूस मी आहो,” ते म्हणाले, “पन मले मशीन येत नाही. चालवनारी ते बसली हाय. दांडा तिले द्या.”

त्याने दांडा दिला, पण जाताना साहेबांना म्हणाला, “बाईच्या हातात मशीन दिलं, बिघडलं तर बघा मग.” साहेब हसले. मी नाही हसले. ते वाक्य माझ्या मनात राहून गेलं, आणि पुढे त्याचं काय झालं ते येईलच.

*

मग तो मे महिना. भंडाऱ्याचा मे महिना तुम्हाला माहीत असेल, पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी श्वाससुद्धा गरम लागतो. मी प्रोग्राम भरत होते, आणि मागून आवाज यायला लागला. टिक टिक टिक टिक. वळून बघितलं तर शालिकभाऊंचा ब्रश डब्याच्या काठावर आपटत होता.

“काय झालं, भाऊ?”

“थंडी वाजून राहिली,” ते म्हणाले.

त्यांनी ब्रश डब्यात ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, “बाई, साहेबाले सांगू नोको. हा ब्रश गेला तं मी घरी बसून काय करू? माह्याजवळ दुसरं काहीच नाही.”

दवाखान्यात त्या थरथरीला कंपवात म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या. गोळीने दोन-तीन तास हात ताब्यात राहायचा, आणि शालिकभाऊ त्या दोन-तीन तासांत दिवसाचं काळं उरकायचे. पुढे तेवढंही पुरेना. मग त्यांनी एक युक्ती काढली. डाव्या हाताचा अंगठा पार्टवर घट्ट रोवायचा, उजवं मनगट त्याच्यावर टेकवायचं, आणि मग ब्रश ओढायचा. मनगटाला आधार मिळाला की ब्रश सरळ जायचा. शेवटी अंगठा उचलायचा आणि त्याच्याखाली उघडी राहिलेली जागा एका हाताने भरून घ्यायची. ‘हात’ म्हणजे ब्रशचा एक फटकारा. तो शेवटचा हात ते श्वास रोखून मारत.

मी रोज ते बघायची. रोज वाटायचं, आज चुकणार. ते चुकत नव्हते.

*

एकदा चुकले. पंपाचा दांडा होता. नीळकंठ टेस्टिंगच्या टेबलावरून उठून माझ्याकडे आला. त्याने दांड्यावर खडूने एका जागेभोवती गोल आखला होता.

“इथं नरम हाय,” तो म्हणाला. “गोल हाय. एका बाजूनं सपाट.”

आम्ही दोघांनीही शालिकभाऊंकडे बघितलं नाही. नीळकंठ असा की आकडा चुकला तर सख्ख्या भावाचा पार्ट परत करेल. तो तिथेच उभा राहिला, हातात रिपोर्टचा कागद. म्हणाला, “कारन काय लिहू?”

मी म्हटलं, “मले काय विचारता?”

मग त्याने कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘डाग’. दांडा आम्ही साफ करून, काळं लावून पुन्हा कडक केला, दोघांनी मिळून, चहाच्या सुट्टीत. शालिकभाऊ त्या दिवशी चहाला आले नाहीत. पाठ करून ब्रश धूत बसले होते.

*

आता हा किस्सा चहाला कोणी सांगत नाही. मी आज पहिल्यांदा सांगतेय.

एका गिऱ्हाइकाकडून पॅकिंग मशीनच्या पात्यांचा सगळा लॉट परत आला. पात्या मधोमध नरम निघाल्या होत्या, धार लगेच बोथट होत होती. साहेब पाती हातात घेऊन तावातावाने आत आले. शालिकभाऊ तेव्हा बपेऱ्याच्या राइस मिलच्या शाफ्टला काळं लावत होते. अंगठा शाफ्टवर रोवलेला, मनगट त्याच्यावर, ब्रश चाललेला.

“हिला काळं कोणी लावलं?” साहेबांनी विचारलं.

मी ती पाती बघितली. नीळकंठने तिच्यावर नरम जागा खडूने आखली होती. ती सरळ रेघ होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काळं पुसलं गेलं तर डाग पडतो, सरळ रेघ पडत नाही. सरळ रेघ पडते ती दोन पट्टे जवळ मारले की. म्हणजे माझं अंतर चुकलं होतं. चूक माझी होती. मला एका नजरेत कळलं, नीळकंठलाही कळलं असणार.

“मीच लावलं,” शालिकभाऊ म्हणाले.

तेवढ्यात साहेबांना त्यांचा हात दिसला. उजवा हात, ब्रशसकट, थरथरत होता. साहेबांना महिनोन् महिने दिसलं नव्हतं ते त्या क्षणी दिसलं. रागाच्या भरात त्यांच्या तोंडून निघून गेलं, “हात चालत नसतील तर घरी बसा ना, शालिकभाऊ!”

मी तोंड उघडलं नाही. त्या बालाघाटच्या गिऱ्हाइकाचं वाक्य कानात वाजत होतं. बाईच्या हातात मशीन दिलं, बिघडलं तर बघा. मला भीती वाटली. दुसरं काही कारण नव्हतं.

शालिकभाऊंनी शाफ्टवरचा अंगठा उचलला. ब्रश स्पिरिटमध्ये धुतला, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. पुसला, खिळ्याला टांगला. करदोड्याचं चुंबक सोडून टेबलावर ठेवलं. माझ्याजवळून जाताना म्हणाले, “येतो, बाई.” दोन वाजताची तुमसरची एसटी त्यांना मिळाली असणार.

मला कोणाच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं. म्हणून तो बपेऱ्याचा शाफ्ट होता तसाच उचलून मशीनवर चढवला आणि चालवून टाकला. नीळकंठने नेहमीच्या तीन जागी तपासून तो पास केला. शाफ्ट त्याच दिवशी गेला.

दोन दिवसांनी साहेबांनी ती पाती स्वतः तपासली. मग अर्धा दिवस गाडी घेऊन कुठेतरी गेले. आल्यावर मला केबिनमध्ये बोलावलं, पट्ट्यांमधलं नवीन अंतर एका कागदावर लिहून दिलं, आणि म्हणाले, “ह्यापुढे हे ठेवा.” एवढंच. मी कागद घेऊन बाहेर आले.

*

शालिकभाऊ त्यानंतर दोन वर्षं जगले. मी एकदा आंबागडला गेले होते. ओट्यावर बसून जेवत होते, पार्वतावहिनी घास भरवत होत्या. डाव्या अंगठ्याने त्यांनी ताटाची कड दाबून धरली होती. मला बघून हसले. मी ठरवून गेले होते की आज सांगायचंच, चूक माझी होती म्हणून. त्यांनी मशीनचं विचारलं, नीळकंठचं विचारलं, कपाटातून स्प्रे गन निघाली का ते विचारलं. मी म्हटलं, निघाली. “बरं झालं,” ते म्हणाले. ठरवलेलं मी सांगितलंच नाही. पाच वाजताच्या गाडीने परत आले.

तेरवीला आम्ही सगळे गेलो. पंगती उठल्यावर वहिनी आमच्यात येऊन बसल्या. बोलता बोलता म्हणाल्या, “तुमचा साहेब एकडाव आला होता. काम सुटल्यावर दोन दिसांनी. यायनं सोताच्या हातानं चहा देला, अन् अर्धा त्याच्या पँटवर सांडला. साहेबानं उरला तो पेऊन टाकला. म्हने, शालिकभाऊ, माफ करा, चूक काळ्याची नोहती. चला परत.”

आम्हाला कोणालाच हे माहीत नव्हतं. साहेब जरा लांब, आंब्याखाली उभे होते.

“मंग?” नीळकंठने विचारलं.

“हे म्हने, मले मालूम हाय. रेघ सरळ होती. साहेब म्हने, मंग तुमी बोलले काहून नाही? तं म्हने, माहे हात तं गेलेच, साहेब. बाईले अजून वीस वर्ष मशीन चालवाचं हाय. तिले काही म्हनू नोका.” वहिनींनी पदराने तोंड पुसलं. “आता ते बाई कोन, मले मालूम नाही. तुमच्यातलं कोन काय काम करते, ते यायनं कधी सांगतलं नाही.”

माझ्या हातात पत्रावळींचा गठ्ठा होता. मी तो घेऊन उठले आणि विहिरीकडे गेले. तिथे मी खूप रडले. वहिनींना मी अजूनही सांगितलेलं नाही.

*

आणि हा मागच्या महिन्यातला.

बपेऱ्याचा राइस मिलवाला आला. सोबत शाफ्ट. धानाचं तूस दिसायला हलकं, पण स्टील खाऊन टाकतं. दुसरीकडचे शाफ्ट त्याला वर्षभर पुरत नाहीत, हा चार वर्षं चालला होता. तो खूश होता. “थोडा झिजला हाय,” तो म्हणाला. “घासून परत कडक करून द्या. पन पयल्या खेपेले जसा केला होता, तसाच करा. काही बदल करू नोका.”

मी शाफ्ट टेबलावर घेतला आणि स्पिरिटच्या फडक्याने पुसला. सगळीकडून सारखा झिजला होता. फक्त एका जागी, पुली बसवायच्या चावीच्या खाचेपासून चार बोटांवर, एक खळगा होता. उथळ, लांबट गोल. एका बाजूने सपाट.

नीळकंठला हाक मारली. त्याने चष्मा वर केला, खाली केला. आजूबाजूला तपासलं, आकडे बरोबर. खळग्यात तपासलं, नरम. मग मशीन बाजूला सारून त्याने आपला अंगठा त्या खळग्यात ठेवला. मीही ठेवला. माझा लहान पडला.

साहेब केबिनच्या दारात कधी येऊन उभे राहिले ते कळलं नाही. ते जवळ आले, वाकून बघितलं. म्हणाले, “घासायला द्या.” आणि परत आत गेले.

शाफ्ट घासून आला. गुळगुळीत, चकचकीत, खळग्याचा मागमूस नाही. मी कपाटातून स्प्रे गन काढली, मग परत ठेवली. खिळ्यावरचा ब्रश काढला. केस ताठ झाले होते, ते स्पिरिटमध्ये भिजवून सोडवले, आणि जमेल तसं काळं लावलं. नीळकंठने शाफ्ट मशीनवर चढवायला हात लावला.

“थांबा,” साहेब म्हणाले.

ते बाहेर आले. बाही वर केली. चावीच्या खाचेपासून चार बोटं मोजली. मग डाव्या हाताचा अंगठा ओल्या काळ्यावर ठेवला, जरासा कलता केला, एका बाजूची कड उचलून धरली, आणि दाबला. अंगठा काढला तेव्हा तिथे स्टील उघडं पडलं होतं. लांबट गोल, एका बाजूने सपाट.

नीळकंठने रिपोर्टचा कागद ओढला आणि कारणाच्या रकान्यात पुन्हा तोच एक शब्द आधीच लिहून ठेवला.

“चालवा, बाई,” साहेब म्हणाले. बारा वर्षांत त्यांनी मला कधी बाई म्हटलं नव्हतं.

मी गॉगल लावला आणि स्टार्ट दाबलं.